दोन चाकांची पेटी आणि विजेची सायकल : येरवड्यातून पाहिलेला घरगुती यंत्रविद्येचा इतिहास

येरवड्याचे नाव एका यंत्राला मिळाले आहे, हे पुण्यातही थोड्यांच्याच ध्यानात असते. ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जाणारा पेटी चरखा महात्मा गांधी येरवडा मध्यवर्ती कारागृहात असताना, १९३०च्या आगेमागे, त्यांच्या प्रयोगांतून आकाराला आला. परंपरेने चालत आलेल्या उभ्या, जागा अडवणाऱ्या चाकाऐवजी एक मोठे आणि एक लहान अशी दोन आडवी चाके चपट्या लाकडी पेटीत बसवावीत, मोठे चाक हाताने फिरवून त्याची गती दोरीने लहान चाकाला आणि तेथून चातीला, म्हणजे सूत जिच्यावर गुंडाळले जाते त्या टोकदार सळईला, द्यावी आणि काम संपल्यावर झाकण लावून सारा चरखा हातात धरून न्यावा, अशी त्याची रचना होती. गती दोन टप्प्यांत वाढवल्यामुळे एका मोठ्या चाकाचे काम दोन छोटी चाके करू लागली, आणि चरखा कोठडीत, आगगाडीच्या डब्यात किंवा सभेच्या मांडवात सहज मांडता येऊ लागला.

या चरख्याचा आणि घरच्या कार्यशाळेत बांधल्या जाणाऱ्या विजेच्या क्रूझर सायकलीचा संबंध वरवर पाहता ओढूनताणून जोडल्यासारखा वाटेल. दोन्हींत दोन चाके आहेत हा तर निव्वळ योगायोग. खरा धागा वेगळाच आहे : आयते मिळालेले यंत्र जसेच्या तसे न स्वीकारता ते आपल्या अंगाला, घराला आणि खिशाला बेतून घेण्याची जी विद्या मराठी मुलखात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत रुजली, तिच्या इतिहासातील ही दोन टोके आहेत. या विद्येची शाळा कारखान्यात कमी आणि सायकलदुरुस्तीच्या दुकानात जास्त भरली, हे पुढील विवेचनाचे सूत्र आहे.

मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरील येरवडा हे पुणे शहराच्या दृष्टीने दीर्घकाळ ‘पलीकडचे’ गाव होते, आणि शहराला जे जवळ नको पण फार दूरही नको असे वाटले ते एकोणिसाव्या शतकात येथे येऊन स्थिरावले. १८६४ मध्ये पायाभरणी झालेली डेक्कन कॉलेजची इमारत, मध्यवर्ती कारागृह, मनोरुग्णालय आणि १८९२ मधील आगाखान महाल ही त्याची ठळक उदाहरणे होत. बंडगार्डनचा फिट्झजेराल्ड पूल १८६९च्या सुमारास झाला आणि हे पलीकडचे गाव लष्कराच्या वस्तीला जोडले गेले. कारागृहाच्या आवारात सुतारकाम, हातमाग आणि छपाई चालत आली आहे, तर शेजारच्या खडकीत दारूगोळा कारखान्यामुळे धातुकामात तरबेज असलेल्या कामगारांची वस्ती वाढली. पुण्याच्या पेठांपासून येरवडा सहा-सात किलोमीटरवर आहे. चालत जाण्यास हे अंतर जास्त आणि सायकलीला अगदी बेताचे असल्याने नदीच्या या तीरावर सायकल हे हौसेपेक्षा पोटापाण्याचेच वाहन ठरले.

मराठी उद्योगाचा एक मोठा प्रवाह सायकलीच्याच दुकानातून उगम पावला, ही गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये दोन समान चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ त्याच १८८८ या वर्षापासून मोजतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना तेथून सायकली विकत घेऊन बेळगावास धाडत, आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या तेथे विकत व लोकांना चालवायलाही शिकवत. सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्त करावी लागते, दुरुस्त करणाऱ्याला तिचे भाग घडवावे लागतात आणि भाग घडवणारा हात पुढे दुसरे यंत्रही घडवू लागतो. बेळगावच्या दुकानातून १९०३ मध्ये लोखंडी नांगर बाहेर पडला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, तो प्रवास याच क्रमाने झाला.

याच किर्लोस्करवाडीचा येरवड्याच्या चरख्याशीही संबंध येतो. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती, परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने बक्षिसापेक्षा त्याच्या अटी अधिक मोलाच्या आहेत. यंत्र हलके आणि सहज हलवता येण्याजोगे असावे, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे, एखाद्या स्त्रीला फारसे श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावे, तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे, भारतात ते बनवण्याचा खर्च १५० रुपयांहून अधिक नसावा, वेळच्या वेळी निगा राखल्यास ते किमान वीस वर्षे चालावे आणि दर वर्षीच्या सुट्या भागांचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे त्या अटींचे स्वरूप होते. किर्लोस्करवाडीत काळे नावाच्या अभियंत्याने बनवलेले यंत्र या बक्षिसासाठी पुढे आले, त्याची परीक्षाही झाली, पण ते सर्व अटींना उतरले नाही; बक्षीस अखेरपर्यंत कोणालाच मिळाले नाही. तरीही यंत्राचे मोल ठरवताना उत्पादनाच्या आकड्याबरोबरच वापरणाऱ्याचे शरीर, घराची जागा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च हे तिन्ही कागदावर मांडणारी इतकी नेटकी कसोटी त्या काळात दुसरी क्वचितच सापडेल. येरवडा चक्र या स्पर्धेचे उत्तर नव्हते, कारण त्यावर सूत तेवढे निघत नाही. पण जागा आणि वजन यांची अट त्याने निर्विवाद पुरी केली.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत पुणे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले गेले. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांतून निघणारे सायकलस्वारांचे लोंढे, भाड्याच्या सायकलींची तासावर चालणारी दुकाने, महापालिकेचा सायकलकर व तो भरल्याची खूण म्हणून मिळणारा धातूचा बिल्ला, रात्री दिवा नसल्यास किंवा डबल सीट नेल्यास होणारा दंड, या साऱ्यांनी शहराच्या बोलण्यात आणि विनोदात कायमची जागा मिळवली. सायकलीच्या जमाखर्चापेक्षा तिची कार्यशाळा मात्र अधिक पाहण्यासारखी आहे. गल्लीच्या तोंडाशी आठ-दहा फुटांचा गाळा, छताच्या आकड्यांना टांगलेले टायर, पंक्चर शोधण्यासाठी पाण्याने भरलेले घमेले आणि तेलाने काळा पडलेला पाट एवढ्या सामग्रीवर ‘ओव्हरऑइलिंग’ होत असे. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग; त्यात तेलाचा संबंध नाही, पण पुण्याच्या कारागिरांनी शब्दालाही तेल घातले आणि तो अधिक अर्थपूर्ण करून टाकला. या कामात सायकल पूर्ण सुटी करून ॲक्सल, कोन आणि छर्रे घासलेटात धुतले जात, झिजलेले छर्रे नखाने चाचपून बाजूला काढले जात, ग्रीसमध्ये नवे बसवले जात आणि शेवटी चाकाचा ‘आउट’ काढला जाई. आउट काढणे म्हणजे आऱ्यांच्या टोकांवरील निपल चावीने थोडे सैल-घट्ट करून डावी-उजवीकडे डोलणारी रिम पुन्हा एका प्रतलात आणणे. चाक उलट्या सायकलीत फिरवत ठेवून रिमेजवळ खडू धरायचा, जेथे खडू उमटेल तेथला बाक समोरच्या बाजूचे आरे ताणून काढायचा, ही पद्धत पुस्तकातून शिकता येत नाही आणि हाताला एकदा आली की जात नाही.

सायकलीला इंजिन जोडण्याचा मोह जगभर अशाच दुकानांत जन्मला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सोइचिरो होंडा याने सैन्याच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली छोटी जनरेटर इंजिने सायकलींना बसवून विकली आणि त्यातून एक जगड्व्याळ कंपनी उभी राहिली. पुण्याचा या इतिहासातील वाटा म्हणजे लूना. फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली ही ५० सीसीची गाडी ‘मोपेड’ वर्गातली, म्हणजे मोटर आणि पेडल दोन्ही असलेली होती. पायडल मारून ती सुरू करायची आणि चढावर तिला पायांनी हात द्यायचा. पुढे बजाजच्या स्कूटरी आणि त्यानंतर मोटारसायकली मध्यमवर्गाच्या दारात आल्या, तेव्हा पायडल हे गरिबीचे चिन्ह ठरले आणि पुण्याचे रस्ते सायकलीला परके झाले. २००८च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने झालेले सायकलमार्ग आणि महापालिकेने २०१७ मध्ये मंजूर केलेला सर्वंकष सायकल आराखडा हे त्या सायकलीला परत बोलावण्याचे प्रयत्न होते. रस्त्यावर त्यांचा प्रभाव बेताचाच राहिला.

विजेवर चालणारी सायकल इंजिनाच्या या सर्व गाड्यांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ऑग्डेन बोल्टन याला ३१ डिसेंबर १८९५ रोजी जे पेटंट मिळाले त्यात मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेली होती. आजही बहुतेक घरगुती बांधणीत हीच रचना वापरली जाते आणि तिला हबमोटर म्हणतात : ॲक्सल स्थिर राहतो, त्याच्याभोवतीची तारांची वेटोळी स्थिर राहतात आणि बाहेरचे चुंबकयुक्त कवच चाकासह फिरते. बोल्टनची कल्पना शतकभर अडून राहिली ती बॅटरीच्या वजनामुळे. १९९३ मध्ये यामाहाने जपानमध्ये पायडलच्या जोराप्रमाणे मोटरची मदत कमी-जास्त करणारी सायकल विक्रीस आणली आणि त्यानंतर लिथियम विद्युत्घट स्वस्त होत गेले, तेव्हा कोठे हा वर्ग सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. सायकलीच्या डायनॅमोशी परिचय असलेल्या पुणेकराला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते, कारण मोटर म्हणजे उलट चालवलेला डायनॅमोच. पूर्वी चाक फिरले की दिवा लागत असे, आता वीज दिली की चाक फिरते.

क्रूझर हा आकार मात्र अमेरिकन आहे. १९३०च्या दशकात श्विन या शिकागोच्या कंपनीने सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे फुगीर टायर, मोटारसायकलीची नक्कल करणारी वळणदार नळी आणि मागे वळलेले रुंद हँडल देऊन मुलांसाठी ज्या सायकली केल्या, त्यांची ही वंशज. स्वार ताठ बसतो, वेग बेताचा असतो आणि खड्ड्यांचे धक्के टायर पचवतो. भारतीय ‘काळी’ सायकल, म्हणजे इंग्रजी घाटाची २२ किंवा २४ इंची रोडस्टर, हिच्यावरची बैठकही तशीच ताठ आहे. फरक टायरच्या रुंदीचा आणि दिमाखाचा. जड चौकट, रुंद टायर आणि संथ चाल यांमुळे नुसत्या पायांनी ओढायला जी सायकल कंटाळवाणी, तीच मोटर बसवायला सर्वांत सोयीची ठरते, कारण वजनाची भरपाई वीज करते आणि पोलादी चौकट वाढीव भार मुकाट्याने सोसते.

पुण्यात असे वाहन घरी बांधणाऱ्याला तीन बाजारांची ओळख असावी लागते. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वाइस, पाने, कानशी आणि क्वचित एखादी जुनी चौकट मिळते. नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. आणि बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत तारा, कनेक्टर आणि इलेक्ट्रॉनिक सामान मिळते. येरवड्याहून हे तिन्ही बाजार नदी ओलांडली की एका फेरीत होतात.

मोटर खरेदी करणे ही यातली सोपी पायरी. खरी अडचण येते ती छिद्रांची. इंग्रजी परंपरेतून आलेल्या भारतीय सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हबमोटरींना ३६ आऱ्यांची छिद्रे असतात. त्यामुळे घरातल्या जुन्या सायकलीची रिम दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी जुळत नाही आणि ३६ छिद्रांची २६ इंची रिम शोधावी लागते. शिवाय मोटरीचा तुंबा साध्या तुंब्याच्या कितीतरी पट मोठा असल्याने नेहमीचे आरे लांब पडतात, ते कापून त्यांवर नव्याने आटे पाडावे लागतात, आणि एरवी तीनदा एकमेकांना छेदून जाणारे आरे येथे एकदाच छेदून बांधावे लागतात, नाहीतर निपलाशी त्यांचा कोन फार तिरका होऊन ते तुटतात. हे चाक शेवटी आउट काढण्यासाठी खडू धरणाऱ्याच हाताकडे जाते, आणि विद्युत्शास्त्राचा गंधही नसलेला तो कारागीर या बांधणीतला सर्वांत निर्णायक माणूस ठरतो.

दुसरे काम आघूर्णभुजेचे, ज्याला बांधणारे ‘टॉर्क आर्म’च म्हणतात. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने ॲक्सल मागे फिरू पाहतो. ॲक्सलच्या दोन बाजू सपाट तासलेल्या असतात आणि चौकटीच्या खाचेत त्या अडकतात; पण खाच झिजली किंवा नट सैल झाला की ॲक्सल गरकन फिरतो, पोकळ ॲक्सलमधून आलेल्या मोटरच्या तारा पिळवटून तुटतात आणि चाक खाचेतून निसटते. हे टाळण्यासाठी जाड पोलादी पट्टीत ॲक्सलच्या आकाराचे भोक कानशीने नेमके घासून तिचे दुसरे टोक चौकटीच्या नळीला जखडतात. पट्टी हातभर अंतरावरून पाहिली तर भंगार वाटावी अशी. सारी सुरक्षितता मात्र तिच्या भोकाच्या नेमकेपणावर अवलंबून असते.

बॅटरीचे गणित साधे, पण हलगर्जीला क्षमा न करणारे आहे. १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर उंचीचे अडीच अँपिअर-तासांचे लिथियम घट चार-चार समांतर जोडून असे दहा गट एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॉट-तास ऊर्जा साठते. घरच्या मीटरवर ती एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त भरते. पायांची साथ असेल तर किलोमीटरला साधारण १२ वॉट-तास लागतात, त्यामुळे तीसेक किलोमीटरची मजल होते. घटांना निकेलच्या पट्ट्या डाग देऊन जोडायच्या असतात. तेथे नेहमीच्या कथलाच्या सोल्डरिंगची सवय घातक ठरते, कारण उष्णतेने घट आतून बिघडतो, आणि प्रत्येक गटाचा विद्युत्दाब तपासून भारण थांबवणारे नियंत्रक मंडल गाळण्याची काटकसर आगीला निमंत्रण देते.

कायद्याने या सर्व खटाटोपाला एक रेघ आखून दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटे टिकणारी शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी असावी आणि ताशी २५ किलोमीटरला, किंवा स्वाराने पायडल थांबवल्यास त्याआधीच, मदत तुटावी. अशी सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही आणि तिला नोंदणी वा परवाना लागत नाही. सामान्य माणूस दीर्घकाळ ७५ ते १०० वॉट शक्ती देऊ शकतो, तेव्हा पाव किलोवॉटची मोटर म्हणजे स्वाराच्या जोडीला आणखी अडीच-तीन माणसे. हौशी बांधणाऱ्याला एवढ्यावर समाधान क्वचितच मिळते, हे मान्य केले पाहिजे. पण हजार वॉटची मोटर लावताच तो वाहनउत्पादकाच्या पंक्तीत जाऊन बसतो, त्याच्या घरगुती बांधणीला त्या पंक्तीतले कोणतेही प्रमाणपत्र मिळण्यासारखे नसते, आणि दुचाकी चालकांच्या चाचण्या घेणारे परिवहन कार्यालयाचे मैदान येरवड्याच्याच फुलेनगरात आहे.

२०२०च्या दशकात विजेच्या सायकली पुण्यात कारखान्यांतूनही निघू लागल्या. ई-मोटोरॅड ही कंपनी येथलीच, आणि २०२४ मध्ये लूनाही विजेवर परतली. त्याच वर्षी येरवड्याचे मेट्रो स्थानक सुरू झाले. घरगुती बांधणीचे आर्थिक कारण त्यामुळे लंगडे पडले असले, तरी कारखान्याची सायकल १९२९च्या अटींपुढे उभी केली तर निकाल गुंतागुंतीचा लागतो. चौकट, रिम, आरे आणि चेन ही निगा राखल्यास वीस वर्षे सहज टिकतात आणि त्यांचा वार्षिक खर्च पाच टक्क्यांत बसतो. बॅटरी मात्र काही शे वेळा भारल्यावर मंदावते, आणि ती एकट्याने बदलायची म्हटली तरी सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. कारखान्याच्या बंद खोक्यात ती असेल तर दुसरी त्याच कंपनीकडून घ्यावी लागते, घरी बांधलेली असेल तर नेमका बिघडलेला गट शोधून तेवढाच बदलता येतो. चरखा संघाच्या परीक्षकांनी दोन्ही यंत्रे नापास केली असती, पण वेगवेगळ्या कारणांसाठी.

बांधणारे जाणकार म्हणूनच मोटर निवडताना वेगापेक्षा एका बारीक गोष्टीकडे पाहतात. थेट फिरणाऱ्या जड हबमोटरीत चुंबकांची ओढ सतत असते, त्यामुळे वीज संपल्यावर ती चाकाला मागे खेचते. आत दातेरी चक्रे असलेल्या हलक्या मोटरीत फ्रीव्हीलसारखीच एकदिश पकड असते आणि वीज तुटताच ती चाकापासून सुटी होते. शहरातून परतताना बंडगार्डनच्या पुलावर बॅटरी संपली, तर पहिल्या प्रकारच्या सायकलीवर ही ओढ प्रत्येक पायडलला जाणवते. दुसऱ्या प्रकारची सायकल पुढची ४४ दात्यांची चकती आणि मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील यांच्या भरवशावर, थोडी जड पण सायकलीसारखीच, येरवड्याला पोहोचते.